यादीतले शेवटचे नाव : परभणीचा विद्यार्थी आणि खात्रीची जागा

प्रवेशाच्या पसंतीक्रमात सगळ्यात वरचे नाव इच्छेने लिहिले जाते आणि सगळ्यात खालचे भीतीने. हे खालचे नाव, म्हणजे बाकी काही जमले नाही तरी मिळणारच असे कॉलेज, अमेरिकेत प्रवेशशास्त्राचा एक स्वतंत्र विषय होऊन बसले आहे. विल्यम्स (१७९३), ॲमहर्स्ट (१८२१), स्वार्थमोर (१८६४) ही तिथली छोटी निवासी लिबरल आर्ट्स महाविद्यालये. एकेका कॉलेजात जेमतेम दोन हजार किंवा त्याहून कमी विद्यार्थी असतात आणि अर्ज करणाऱ्या दहांपैकी एकालाही जागा मिळेलच असे नाही. निवड केवळ गुणांवर होत नाही. निबंध, शिफारसपत्रे, खेळ, घरची स्थिती असे सगळे पाहून समिती ठरवते. त्यामुळे विद्यार्थी यादीचे तीन थर करतो: आवाक्याबाहेरची, बरोबरीची आणि खात्रीची. ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जावर जास्तीत जास्त वीस कॉलेजे निवडता येतात. परदेशी विद्यार्थ्यापुढे आणखी एक पेच असतो. बहुतेक कॉलेजे त्याची ऐपत पाहून निर्णय घेतात, आणि वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या वर गेलेला आहे. शिष्यवृत्तीशिवाय मिळालेला प्रवेश हा त्याच्या दृष्टीने प्रवेशच नव्हे, म्हणून त्याला खात्री दोन्ही बाजूंनी करावी लागते, प्रवेशाची आणि पैशाची.

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. इथे समिती नसते. गुणवत्ता यादी असते, संगणक असतो आणि ‘कॅप राउंड’, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची फेरी, असते. संगणकाचे काम सरळ आहे: यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्याला त्याच्या पसंतीची जागा द्यायची, मग दुसऱ्याला उरलेल्यांतली त्याची सर्वांत वरची पसंती द्यायची, आणि असेच शेवटपर्यंत जायचे. या पद्धतीत लबाडीला वाव नाही. ज्या क्रमाने हवे त्या क्रमाने लिहावे, त्यापेक्षा चांगली युक्ती कोणतीच नाही. हे गणिताने सिद्ध झालेले आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेश आणि विवाहजुळणी यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला आणि त्यातून या विषयाचा पाया घातला गेला. शॅप्ली यांना आल्विन रॉथ यांच्यासह २०१२ चे नोबेल मिळाले, गेल तोवर हयात नव्हते. उलट उदाहरण बोस्टन शहराच्या शाळांचे. तिथे ज्यांनी एखादी शाळा पहिली लिहिली त्यांनाच ती आधी दिली जाई. परिणामी जाणते पालक आवडती शाळा सोडून खात्रीची शाळा पहिल्या क्रमांकावर टाकत आणि भाबडे पालक फसत. २००५ मध्ये बोस्टनने ती पद्धत मोडीत काढली.

म्हणजे खात्रीच्या नावाचा हिशेब विद्यार्थ्याच्या स्वभावातून येत नाही, तो नियमांतून येतो. यादी हवी तेवढी लांब करता येत असेल, तर खालची नावे लिहायला काही खर्च नाही. यादी आखूड केली की मात्र प्रत्येक ओळ मोलाची होते.

परभणीत हे २०२५ मध्ये घरोघरी पोचले. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरी भागांपुरतीच ती पद्धत होती. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी इथल्या मुलांच्या हाती दहा ओळींचा पसंतीक्रम आला. पहिल्या क्रमांकाचे कॉलेज लागले तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. ज्या गावात विज्ञान शाखेची दोन-तीनच कनिष्ठ महाविद्यालये आहेत तिथे दहा ओळी भरणे ही थोडी चेष्टाच होती. पण ज्यांची नजर लातूर-नांदेडकडे होती, त्यांच्यासाठी दहावी ओळ खरोखर महत्त्वाची ठरली. लातूरची सात-आठ नामांकित नावे लिहून खाली परभणीतले एकही न लिहिणे ही या फॉर्ममधली सगळ्यात महाग चूक.

या फॉर्ममध्ये दोन वर्षांनंतरची गोष्टही दडलेली असते, आणि तिच्याकडे फार थोड्या पालकांचे लक्ष असते. अभियांत्रिकी प्रवेशात बारावी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून झाली ते विद्यार्थ्याचे ‘होम युनिव्हर्सिटी’. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर हे चार जिल्हे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतात. परभणीचा मुलगा लातूरला शिकला तर त्याचे क्षेत्र बदलत नाही. तोच छत्रपती संभाजीनगरला गेला तर ते बदलते, पुण्याला गेला तरी बदलते. कटऑफच्या याद्यांतली जीओपीईएनएच, जीओपीईएनओ, जीओपीईएनएस ही अक्षरे हेच सांगतात: पहिली जागा घरच्यांसाठी, दुसरी बाहेरच्यांसाठी, तिसरी राज्यातल्या सर्वांसाठी. एकाच कॉलेजात एकाच शाखेचे एच आणि ओ यांचे कटऑफ वेगळे असू शकतात. म्हणून खात्रीचे कॉलेज कोणते, याचे उत्तर अकरावीलाच अर्धे ठरलेले असते.

घर आणि बाहेर ही वाटणी आली कुठून, याचा माग वैद्यकीय प्रवेशांपर्यंत जातो, आणि तिथे मराठवाड्याने तीस-पस्तीस वर्षे मोजलेली किंमत दिसते.

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्राच्या नियमांनुसार, ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात विद्यार्थी शिकला त्या क्षेत्रातल्याच वैद्यकीय महाविद्यालयांत त्याला प्रवेश मिळे. परभणीच्या मुलासाठी याचा अर्थ औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि अंबाजोगाई ही दोनच शासकीय महाविद्यालये. मुंबईचे केईएम किंवा पुण्याचे बी. जे. त्याच्या यादीत बसतच नव्हते. या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने १९८६ मध्ये लागलेला तो निकाल आज कायद्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसा कोणी वाचत नाही. न्यायालयाने शंभर टक्के कुंपण समानतेच्या विरुद्ध ठरवले. मात्र क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी ७० टक्क्यांपर्यंत जागा राखता येतील, उरलेल्या ३० टक्के सर्वांसाठी गुणवत्तेवर खुल्या हव्यात, असे सांगितले.

त्या निकालात ७० ही कमाल मर्यादा होती. महाराष्ट्राच्या व्यवहारात ती वाटणीच झाली. न्यायालयाने कुंपणाची उंची कमी केली होती, शासनाने त्या उंचीवर पक्के बांधकाम केले. पुढे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन प्रदेश धरून हाच हिशेब चालू राहिला. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ होऊन वैद्यकीय महाविद्यालये एका छत्राखाली आली, तरी कुंपण हलले नाही.

या वाटणीमागची भावना समजण्यासारखी होती. मागास प्रदेशातल्या मुलाला आपल्या भागातली जागा हमखास मिळावी, हा तिचा हेतू. १९७४ मध्ये तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या वसमतला झालेल्या गोळीबारानंतर मराठवाडा विकास आंदोलन पेटले होते, आणि १९८४ मध्ये दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष आकड्यांत मांडला होता. अशा वेळी राखीव वाटा हे संरक्षणच वाटणार. पण संरक्षणाचे गणित दोन आकड्यांवर अवलंबून असते: आपल्या भागात जागा किती आणि आपल्या भागात स्पर्धक किती. मराठवाड्यात नांदेड (१९८८) आणि लातूर (२००२) यांची भर पडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये चार झाली, उर्वरित महाराष्ट्रात ती कितीतरी जास्त होती. दुसरीकडे कसून तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’ने स्पर्धकांची संख्या आणि गुण दोन्ही वाढवले. परिणामी मराठवाड्याच्या जागांचे कटऑफ इतर प्रदेशांपेक्षा वर गेले. ज्या गुणांवर मुंबईकडच्या मुलाला शासकीय जागा मिळे, त्याच गुणांवर परभणीचा मुलगा रिकाम्या हाताने परते किंवा खासगीत लाखो रुपये भरे. मागासांसाठीच्या कवचाने मागासांनाच कोंडले होते, आणि हे उघड दिसत असूनही वर्षानुवर्षे कोणाला घाई नव्हती.

अखेर लोकप्रतिनिधी आणि पालकांच्या दबावापुढे शासन झुकले. ८ सप्टेंबर २०२० रोजी वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधानसभेत ७०:३० सूत्र रद्द केल्याचे जाहीर केले. देशमुख स्वतः लातूरचे, हा योगायोग विरोधकांनी सोडला नाही. विदर्भातून नाराजी व्यक्त झाली, आणि तीही समजण्यासारखी होती, कारण तिथल्या मुलांचा राखीव वाटा गेला. तरीही निर्णय योग्यच होता. संपूर्ण राज्याची एक गुणवत्ता यादी झाल्यावर परभणीच्या मुलाचा पसंतीक्रम एका रात्रीत बदलला. वरच्या ओळींत केईएम, ग्रँट, बी. जे. आले. खालच्या ओळींत गोंदिया, चंद्रपूर, नंदुरबार, अलिबाग, सिंधुदुर्ग अशी नवी महाविद्यालये आली, जिथे कटऑफ बहुधा तुलनेने खाली राहतो. खात्रीची जागा आता घराजवळ असेलच असे नाही, ती शेकडो किलोमीटरवर असू शकते.

२०२३ मध्ये परभणीला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर जागांनिशी सुरू झाले. त्यामुळे चित्र आणखी एका बाजूने फिरले: कोल्हापूर-नाशिकच्या मुलांच्या यादीत परभणी हे खालच्या ओळींतले नाव झाले.

बाकी अभ्यासक्रमांचे थोडक्यात सांगता येते. कृषीच्या प्रवेशात परभणीकडे खात्रीचे ठिकाण म्हणून पाहणे मुळातच चूक. १९७२ मध्ये स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ ही अनेकांची पहिली पसंती असते, स्पर्धा परीक्षांकडे वळणाऱ्यांची तर विशेष. खालच्या ओळीसाठी त्याच विद्यापीठाची जिल्ह्याबाहेरची घटक महाविद्यालये आणि खासगी संलग्न महाविद्यालये असतात.

अभियांत्रिकीत यादी शेकडो पर्यायांपर्यंत लांबवता येते, म्हणून तिथे ओळी कमी पडत नाहीत. धोका क्रमाचा असतो. २०२५ पासून फेऱ्या चार झाल्या आणि बंधन टप्प्याटप्प्याने वाढवले गेले. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की जागा आपोआप ‘फ्रीझ’ होते, दुसरीत पहिल्या तिनांपैकी कोणतीही, तिसरीत पहिल्या सहांपैकी. नियमाचा हेतू जागा अडवून ठेवणाऱ्यांना आवरण्याचा आहे. पण दुसऱ्या फेरीत तो सरळ यादी लिहिणाऱ्यालाही थोडा जाच करतो: दुसरी पसंती लागली की पहिलीची आशा संपते. घाबरून खात्रीचे कॉलेज पहिल्या तीन ओळींत टाकणाऱ्याची मात्र पूर्ण गोची होते. ते लागते, गोठते, आणि नांदेडच्या गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेची किंवा पुण्याची जागा पुढच्या फेरीत रिकामी झाली तरी त्याच्या उपयोगाची राहत नाही.

म्हणून खात्रीचे नाव लिहायचेच, पण तळाशी लिहायचे. ते निवडताना मागच्या वर्षीचा शेवटच्या फेरीचा कटऑफ पाहायचा, आणि तोही आपल्या प्रवर्गाचा व आपल्या एच किंवा ओ या अक्षराचा. त्याच्यापेक्षा आपले पर्सेंटाइल अंमळ वर असून भागत नाही, चांगले अंतर हवे. फी आणि वसतिगृहाचा खर्च घरात आधी बोलून ठेवायचा. आणि जिथे जायचेच नाही असे कॉलेज केवळ ओळ भरायची म्हणून लिहायचे नाही, कारण यादीतले कोणतेही नाव लागू शकते.