दर्या की दऱ्या? डोमेन नावांचे नियम बदलले आणि एक न दिसणारं अक्षर जिवंत झालं

समजा, सह्याद्रीत भटकणाऱ्या एका ग्रुपने ‘दऱ्या.भारत’ असं नाव घेतलं आणि एका मासळीवाल्याने ‘दर्या.भारत’. मराठी वाचणाऱ्याला दोन्हीतला फरक लगेच कळतो. पण बरीच वर्षं असं होऊ शकत होतं, की पहिल्या नावाची लिंक दाबली आणि एका ब्राउझरमध्ये दऱ्या उघडल्या, तर दुसऱ्यात थेट समुद्र!

हे कसं, ते समजायला थोडं मागे जाऊ. डोमेन नावांची जी जुनी यंत्रणा आहे, तिला फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच कळतं. म्हणून ब्राउझर आपलं देवनागरी नाव आधी इंग्रजी अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलतो. त्याला पनीकोड म्हणतात. हे रूपांतर कसं करायचं याचा पहिला नियम 2003 मध्ये आला, आयडीएनए 2003. दुसरा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, तरी त्याचं नाव मात्र आयडीएनए 2008. (नावावर जाऊ नका.)

जुना नियम पनीकोड करण्याआधी नावाची ‘साफसफाई’ करायचा. मोठी इंग्रजी अक्षरं लहान करायची, इथपर्यंत ठीक. पण जर्मनमधलं एस्त्सेट हे अक्षर सरळ दोन ‘एस’ व्हायचं, आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं अक्षर चक्क गाळलं जायचं. हे अक्षर आपल्या कामाचं आहे. साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ लिहिलं, तर ‘र्य’ असा रफार येतो. हलन्तानंतर झेडडब्ल्यूजे टाकलं, तर तोच र आडवा, पापणीसारखा होतो: ‘र्‍य’. आता ते गाळलं की दऱ्यांचा दर्या होणारच. आचाऱ्याला पाठवलेलं आमंत्रण आचार्याला जाणार.

नव्या नियमाने अशी चार अक्षरं स्वतंत्र मानली: एस्त्सेट, ग्रीकमधला शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा, झेडडब्ल्यूजे आणि त्याचा भाऊ झेडडब्ल्यूएनजे. अर्थात न दिसणारं अक्षर कुठेही घुसवू दिलं तर फसवणुकीला रान मोकळं. म्हणून झेडडब्ल्यूजे हलन्तानंतरच चालेल, अशी अट आहे.

कागदावर हे छान. पण एका रात्रीत बदल कसा करायचा? कोणाच्या तरी बँकेच्या नावात एस्त्सेट असेल, तर कालपर्यंत दोन ‘एस’वाल्या साइटवर जाणारा ग्राहक उद्या दुसऱ्याच कोणी घेतलेल्या नावावर जाईल आणि तिथे पासवर्ड टाकेल. हा धोका खरा होता. त्यामुळे युनिकोडने यूटीएस 46 नावाचा मधला मार्ग काढला: तूर्त ब्राउझरने ही चार अक्षरं जुन्याच पद्धतीने हाताळली तरी चालेल, तोवर नोंदणी संस्थांनी घर सावरावं. म्हणजे जुळी नावं एकाच मालकाला द्यावीत, नाहीतर दुसरं नाव कोणालाच देऊ नये. जर्मनीच्या डेनिकने 2010 च्या शेवटी एस्त्सेट सुरू केलं, तेव्हा दोन ‘एस’वाल्या नावांच्या मालकांना आधी संधी दिली. माझ्या मते हे काम ब्राउझरचं नव्हतंच, ते नोंदणी संस्थांचंच होतं.

हा ‘तूर्त’ बराच लांबला. फायरफॉक्स आधी नव्या पद्धतीवर गेला, क्रोम थेट फेब्रुवारी 2023 मध्ये, 110 व्या आवृत्तीत. मधली वर्षं एकच लिंक दोन ठिकाणी जाऊ शकत होती. सप्टेंबर 2023 मध्ये युनिकोडनेही जुनी पद्धत आता वापरू नका, असं जाहीर केलं.

मराठीसाठी गोष्ट इथे संपत नाही. पापणीवाला र लिहिण्याचे मार्ग दोन आहेत. एक झेडडब्ल्यूजेचा, दुसरा खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा: ऱ, हलन्त, य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण पनीकोड वेगळा. जुन्या नियमात यातला एक दर्या तरी व्हायचा. नव्यात ही दोन वेगळी, पण हुबेहूब दिसणारी नावं आहेत. म्हणून नाव घेताना टिंबवाला ‘ऱ’च वापरा. तो दोन्ही नियमांत तसाच राहतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की मिळतो.

‘ॲ’चंही असंच. जुना नियम युनिकोड 3.2 ला बांधलेला होता आणि ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं 2008 साली. त्यामुळे जुन्या नियमाने ‘ॲप’ नोंदवताच येत नव्हतं. अ वर चंद्र देऊन काम भागवावं लागे. नव्या नियमात ‘ॲ’ चालतो, पण चंद्र दिलेला ‘अॅ’ आणि हा ‘ॲ’ वेगळेच धरले जातात.

तुम्ही प्रोग्रामर असाल तर एक तपासा. पायथॉनमधला अंगभूत आयडीएनए एन्कोडर आजही 2003 चाच नियम पाळतो. तुमची स्क्रिप्ट त्याच्यावर चालत असेल, तर ब्राउझर दऱ्यांत जाईल आणि स्क्रिप्ट दर्यात. ‘आयडीएनए’ याच नावाचं वेगळं पॅकेज इन्स्टॉल करावं लागतं, त्यात नवा नियम आहे. बाकीच्यांनी आपलं नाव ब्राउझरमधून कॉपी करून एखाद्या पनीकोड कन्व्हर्टरमध्ये टाकावं आणि जे येईल ते नोंदणीच्या पावतीवरच्या रूपाशी अक्षर न् अक्षर ताडून बघावं.