हास्यवायूचा निचरा

आमच्या पोफळीस ज्यांच्या बागा आहेत त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाहीं. रात्रभर बंद असलेला नळ सकाळीं उघडला, कीं आधीं नुसती फुसफुस होते, मग पाणी थुंकल्यासारखें येतें, आणि नळींतील हवा निघून गेल्यावरच धार लागते. गेल्या शिमग्याला पुतण्याचा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. त्यानें मला जो प्रश्न विचारला त्याचें अर्धें उत्तर या फुसफुशींत होतें. उरलेलें अर्धें मात्र इतकें साधें नव्हतें.

"आजोबा, शर्यतीच्या आधीं हास्यवायूची नळी साफ करावी लागते. ती करतांना बाहेर कोणाला कांहीं दिसूं नये, असें करतां येईल का हो?"

संस्कृताच्या शिक्षकाला हा प्रश्न! परंतु लहान गांवच्या शाळेंत संस्कृताच्या मास्तराकडे शास्त्राचे तासही येत असत, आणि घरांतील मुलांना तें ठाऊक असतें.

शर्यत अशी कीं, दोन गाड्या शेजारीं शेजारीं उभ्या करावयाच्या आणि सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर, सोडावयाच्या. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. दहा-बारा सेकंदांचा खेळ. त्यांत एंजिनानें क्षणभर अडखळणें म्हणजे हार. एंजिनाची शक्ति पेट्रोलानें वाढते असें आपण समजतों, पण अडचण पेट्रोलाची नसून श्वासाची असते. पेट्रोल हवें तितकें ओततां येतें, तें जाळावयाला प्राणवायु मात्र हवेंतूनच मिळावा लागतो, आणि हवेंत तो वजनानें शेंकडा २३ इतकाच. हास्यवायूंत तो शेंकडा ३६ असतो. एंजिनांतील उष्णतेनें, सुमारें ३०० अंशांवर, हा वायु फुटूं लागतो, नत्र व प्राणवायु वेगळे होतात आणि जास्त पेट्रोल जळूं शकतें.

वायु तसा जुना. प्रीस्टली यानें तो १७७२ सालीं तयार केला. १७९९ सालीं हम्फ्री डेव्ही यानें तो स्वतः हुंगून पाहिला व त्याची मौज जगाला कळविली. १८४४ सालीं होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानें त्याच्या गुंगींत स्वतःचाच दांत उपटवून घेतला. दुसऱ्या महायुद्धांत विरळ हवेंत उडणाऱ्या जर्मन विमानांच्या एंजिनांना तो पाजीत असत. मोटारीपर्यंत तो पोंचला यांत नवल नाहीं.

आतां नळीची गोष्ट. नळकांडें असतें मागच्या डिकींत आणि एंजिन पुढें. नळकांड्यांत वायु दाबाखालीं द्रवरूप असतो. मधल्या लांब नळींत मात्र हवा किंवा नुसती वाफ साचलेली असते. चालकानें कळ दाबली कीं जादा पेट्रोल तत्काळ येतें, पण त्याच्या जोडीला दाट द्रवाऐवजीं हा पातळ वायु येतो. पेट्रोल फार, प्राणवायु थोडा. एंजिनाला ठसका लागतो. म्हणून एंजिनापाशीं एक वेगळी लहान झडप ठेवतात आणि शर्यतीपूर्वीं ती एक-दोन सेकंद उघडतात. साचलेलें निघून जातें व द्रव तोंडापर्यंत येतो. हा वायु शून्याखालीं सुमारें ८८ अंशांवर उकळतो. त्या थंडीनें आसपासच्या हवेंतील बाष्प गोठून पांढरा लोट उठतो. लोक त्याला धूर म्हणतात. तें धुकें आहे. कुंभार्ली घाटांत श्रावणांत दिसतें त्याच जातीचें.

लोट लपवावयाचा तर उपाय आहे. झडपेचें छिद्र लहान ठेवावें, क्षणभरच उघडावें, आणि नळीचें तोंड पुढच्या चाकामागें जमिनीकडे वळवावें. एंजिनाच्या हवा घेण्याच्या तोंडापासून व तापलेल्या धुराच्या नळीपासून तें दूर असावें, कारण हा वायु स्वतः पेटत नसला तरी पेटलेल्याला चेतवितो.

"मीं त्याहून चांगलें केलें आहे," तो म्हणाला, आणि दार उघडून त्यानें दाखविलें. नळीचें तोंड त्यानें गाडीच्या आंत, चालकाच्या पायांपाशीं सोडलें होतें! बाहेरून खरोखरच कांहीं दिसलें नसतें. हा वायु रंगहीन, किंचित् गोडसर. बंद कांचांच्या गाडींत तो प्राणवायूची जागा घेतो. माणूस आधीं खुशींत येतो, मग गुंगतो, आणि त्या वेळीं त्याचा पाय वेगाच्या पट्टीवर असतो. गाड्यांसाठीं विकल्या जाणाऱ्या वायूंत कोणी हुंगूं नये म्हणून गंधकाचा उग्र वायु किंचित् मिसळतात. पण नाकाला झोंबेल या भरंवशावर घरचें पोर बसवितां येत नाहीं. नळकांड्याचेंही तेंच. ३६.४ अंशांवर हा द्रव द्रव राहतच नाहीं, आणि चैत्रांत चिपळुणास उन्हांत उभ्या केलेल्या गाडीची डिकी त्याहून किती तरी तापते. दाब वाढून सुरक्षेची चकती फुटली तर सगळा वायु कोठें जाईल? तिचीही वाट गाडीबाहेरच हवी. हें त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें.

मग मीं विचारलें, "शर्यत धावपट्टीवर आहे ना? तेथें तपासनीस असतात, मग लपवावयाचें कोणापासून?" तो गप्प बसला. बोलतां बोलतां घाटाचें नांव निघालें, रात्रीच्या वेळेचें. मीं रागावलों नाहीं. मोटार वाहन कायद्याचें १८९ वें कलम त्याला वाचून दाखविलें. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवांचून शर्यत लावणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळीं तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. कलमापेक्षां त्याच्या आजीनें दारांत उभें राहून ऐकलें, त्याचा परिणाम अधिक झाला असावा.

दुसऱ्या दिवशीं त्यानें नळी काढून चाकामागें नेली. मागील दारीं झडप उघडली तेव्हां हातभर पांढरें धुकें जमिनीलगत पसरलें आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या ओरडत कुंपणापलीकडे गेल्या.

रंगपंचमीनंतर तो कुंभार्ली घाटानेंच पुण्यास परतला. नळकांड्याची चावी बंद असल्याचें मीं स्वतः पाहिलें होतें. तरी कोयनानगराहून त्याचा फोन येईपर्यंत मी ओटीवरच बसून होतों.