पाइनचा शेंडा वाकवणारा पतंग

झाडाचा जीव न घेताही त्याची किंमत घालवणाऱ्या किडींमध्ये पाइनचे कोंब पोखरणाऱ्या पतंगाची गणना होते. हिमालयातील चीड हा पाइनचाच एक प्रकार. हा पतंग मात्र मूळचा युरोपातील असून ‘ऱ्हायासिओनिया बुओलियाना’ हे त्याचे शास्त्रीय नाव आहे. पंख पसरल्यावर तो जेमतेम २ सेंटीमीटर भरतो. विटकरी-नारिंगी पंखांवर रुपेरी रेषा, असे त्याचे रूप देखणेच म्हणावे लागेल. नुकसान करते ती त्याची अळी.

उन्हाळ्यात मादी कोंबांच्या आसपास अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी आधी सुईसारख्या पानांचे बूड पोखरते, मग शेंड्याच्या कळीत शिरते आणि राळेने माखलेल्या जाळीच्या आडोशाला हिवाळा काढते. वसंतात झाड वाढीला लागते, नेमकी तेव्हाच ती पुन्हा खाऊ लागते. पोखरलेला मुख्य कोंब मरतो किंवा लवंडून पुन्हा वर वळतो. तो बाक खोडात कायमचा राहतो आणि अशा खोडातून सरळ फळी निघत नाही. अळी आत दडलेली असल्याने फवारणीचे औषध तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

१९१४ मध्ये हा पतंग अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ आढळला. १९८५ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील चिलीत दिसला, तेव्हा चिंता अधिक होती. मूळच्या कॅलिफोर्नियातील रेडिएटा पाइनची तेथे सुमारे १० लाख हेक्टरांवर लागवड होती. एकाच जातीची, ओळीने लावलेली झाडे. किडीला याहून सोयीचे रान ते कोणते?

चिलीने उतारा शोधला तो किडीच्या माहेरीच. गांधीलमाशीची दूरची नातलग असलेली ‘ऑर्जिलस ऑब्स्क्युरेटर’ ही बारीक परोपजीवी माशी युरोपातून आणून सोडण्यात आली. पतंगाच्या लहान अळीच्या अंगात ती अंडे घालते. त्यातून निघालेल्या जीवाला घाई नसते. पतंगाची अळी पोसली जाईपर्यंत तो आत थांबतो आणि पुढच्या वसंतात तिला संपवतो. अर्थात तोवर काही कोंब गेलेले असतात. लाभ होतो तो पुढच्या पिढीच्या वेळी.

या माशीची एक गरज कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ध्यानात आली. वाढ झालेली माशी फुलांतील मधावर जगते. रानगाजर फुललेल्या लागवडींत तिचा प्रभाव अधिक आढळला. तण काढून स्वच्छ राखलेल्या पाइनच्या वनात तिला हे अन्न मिळत नाही.