थंडीत परसात पाखरांना दाणे टाकताय? मग पेरणीचं उरलेलं बियाणं टाकू नका

थंडी पडली की अंगणात पाखरांची वर्दळ वाढते. कुणी पुण्य म्हणून, कुणी मोबाईलवर फोटो मिळावा म्हणून मूठभर दाणे टाकतं. चांगलंच आहे. पण रब्बीची पेरणी झाल्यावर घरात थोडंफार बियाणं उरलेलं असतं, आणि घोळ तिथेच होतो. कीड-बुरशी लागू नये म्हणून त्याला औषध चोळलेलं असतं. ओळखू यावं म्हणून बऱ्याचदा लाल, गुलाबी किंवा हिरवा-निळा रंगही दिलेला असतो. असे दाणे धुतले तरी खाण्याजोगे होत नाहीत. चिमणीचं वजन २५-३० ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवाला थोडे दाणेही पुरतात. ते कोंबड्यांनाही घालू नका आणि उकिरड्यावर फेकू नका. रानात नांगे भरायला वापरा.

उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड लावलेल्या भरड्याचंही तेच. तो बिळात आत सारून तोंड बुजवायचं असतं. बांधावर उघडा राहिला तर होले आणि मोर टिपतात.

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या थंडीत पाखरं उपाशी मरत नाहीत. बर्फ पडतो त्या मुलखाची गोष्ट वेगळी. इथे ज्वारी हुरड्यात आलेली असते, गवताला बी असतं, पेरू-बोरं असतात. त्यामुळे ढीगभर दाणे टाकायची गरज नाही. मूठभर बाजरी, तांदळाची कणी किंवा राळे सकाळी टाकले तरी चिमण्या, होले येतात. वळचणीला ज्वारीचं कणीस टांगलं तर उत्तमच. संध्याकाळी मात्र जागा झाडून घ्या. रात्री पडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरामागे साप. फरसाण, खारे शेंगदाणे, बुरशी आलेली भाकरी टाकू नये.

दाण्यापेक्षा पाणी मोलाचं. मातीची पसरट परळ घ्या, दोन बोटं पाणी ठेवा, मध्ये एक दगड ठेवा. पाणी रोज बदला, काथ्याने घासा. परळ झुडपाला चिकटून नको, तिथे मांजर दबा धरून बसतं.

थंडीतले खरे पाहुणे मात्र दाण्याला तोंडच लावत नाहीत. सारखी शेपटी थरथरवणारा थिरथिऱ्या ऑक्टोबरच्या सुमारास येतो. नर वरून काळा, पोटाला तांबूस. शेपटी वरखाली करत गोठ्याभोवती तुरुतुरु पळतो तो धोबी, काही भागात परीट म्हणतात. दोघंही किडे खातात. म्हणजे तुमचा गोठा आणि उकिरडा हीच त्यांची खानावळ, पाहायचं तर तिथेच पाहा. भोरड्या मात्र ज्वारीवर थव्याने उतरतात म्हणून गोफणीने हाकलल्या जातात. हाकलाव्या लागतात हे खरंच, पण त्या टोळ आणि अळ्याही खातात.

नाव ओळखायला ‘मर्लिन बर्ड आयडी’ हे ॲप फुकट आहे. घराजवळ रेंज असताना एकदा पक्ष्यांची यादी डाऊनलोड केली की रानात रेंज नसली तरी चालतं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते. १५ मिनिटं एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे, एवढंच काम. शाळेतली पोरंही करू शकतात.

घरी कोंबड्या असतील तर दाण्याची जागा खुराड्यापासून लांब ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा इथे कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं निघालं होतं, आणि हा आजार रानपाखरांकडूनही येतो. एकाच ठिकाणी चार-दोन पाखरं मेलेली दिसली तर उघड्या हाताने उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजात अडकलेलं पाखरू सापडलं तर दोरा ओढू नका, कात्रीने कापा. मग त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.