घंटा, खांब आणि उंदीर

वेडाच्या औषधाची परीक्षा उंदरावर कशी व्हावी? उंदराला भ्रम होतात काय, त्याला नसलेले आवाज ऐकू येतात काय, हे कोणालाही सांगता येत नाही. तरीही स्किझोफ्रेनियावरील औषधांची पहिली पारख बहुधा उंदरावरच होते. चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातील प्रा. एस. के. कुलकर्णी यांच्या प्रयोगपुस्तकातून औषधशास्त्राच्या असंख्य विद्यार्थ्यांनी अशा परीक्षा शिकून घेतल्या.

त्यांतील एक पाहण्यासारखी आहे. पेटीच्या मध्यभागी खांब असतो आणि तळच्या गजांतून विजेचा धक्का देता येतो. आधी घंटा वाजते, मग धक्का बसतो. काही दिवसांत उंदीर घंटा ऐकताच खांबावर चढू लागतो. अशा उंदराला क्लोरप्रोमाझिन दिले, की घंटा वाजली तरी तो स्वस्थ बसतो. धक्का बसताच मात्र चढतो. म्हणजे त्याच्या पायांतले बळ गेलेले नाही. पूर्वसूचनेला प्रतिसाद देण्याची ओढ तेवढी ओसरली आहे. झोपेच्या औषधाने हे साधत नाही. त्याने घंटेकडे दुर्लक्ष होऊ लागते, तेव्हा धक्क्याची दादही जवळजवळ तितकीच मंदावते. या फरकावरूनच औषधाची जात ओळखली जाते.

दुसऱ्या परीक्षेत उंदराचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवतात. एरवी तो लगेच खाली उतरतो. हॅलोपेरिडॉल दिल्यावर मात्र तसाच खिळून राहतो. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे कार्य अडल्याचे हे लक्षण होय. पुष्कळ वर्षे हा ताठरपणा औषधाच्या गुणाचीच खूण मानला गेला. वस्तुतः रुग्णाचे हातपाय ताठरतात, तो त्रासच येथे दिसत होता. क्लोझापिनने उंदीर असा खिळत नाही. तरी इतर औषधांनी ज्यांना गुण आला नव्हता अशा रुग्णांनाही त्याचा उपयोग होतो, हे १९८८ साली अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले. दांडीवरच विसंबून राहिले असते, तर हे औषध हातचे गेले असते.

चंडीगढच्याच स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेत डॉ. एन. एन. विग यांनी १९६३ मध्ये मनोविकार विभाग उभारला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुराष्ट्रीय अभ्यासात चंडीगढ शहरातील व आसपासच्या खेड्यांतील रुग्णांची वाटचाल नोंदली गेली. रुग्ण कामाला लागला काय, घरच्या माणसांत मिसळला काय, या प्रश्नांना घंटा आणि खांब उत्तर देऊ शकत नाहीत. औषधाचा माग उंदीर दाखवील. गुण आला की नाही, हे अखेर माणसालाच विचारावे लागते.