गुडघ्यांनी घोडा धरता येत नाही

लग्नसराईत बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात परण्या निघाला की नवरदेवाची बैठक ठरलेली असते: पाय पुढे, पाठीला पोक, गुडघे आवळलेले आणि हात खोगिराला घट्ट धरलेले. लगाम घोडेवाल्याकडे असतो आणि घोडा वाजंत्रीला सरावलेला असतो, म्हणून निभावते. पण पुष्कळांचा घोडेस्वारीचा अनुभव एवढाच असतो, फार तर माथेरानच्या एखाद्या फेरीची त्यात भर. त्यातून समज पक्का होतो की घोड्यावर टिकायचे म्हणजे जोर लावून धरून बसायचे. मांड्या आवळा, गुडघे रोवा, लगाम ताणा; ज्याच्या अंगात रग जास्त तो स्वार चांगला. हा समज मुळातच चुकीचा आहे आणि बैठकीतले बहुतेक दोष त्यातूनच निघतात.

खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांमध्ये उशी जोराने दाबून पाहावी. बूड किंचित वर उचलले जाते, कंबर ताठरते, श्वासही अडतो. घोड्यावर नेमके हेच होते. गुडघा बिजागरीसारखा एका जागी अडकतो, पोटऱ्या मागेपुढे लोंबू लागतात आणि शरीराचे वजन खोगिरात खाली उतरण्याऐवजी वर ढकलले जाते. चालीत घोडा चार पाय एकामागून एक टाकतो, तेव्हा हे खपून जाते. दुडकीत मात्र समोरासमोरच्या कोनातले दोन पाय एकदम पडतात आणि मधल्या क्षणी चारही पाय हवेत असतात. प्रत्येक जोडी जमिनीला टेकली की पाठ स्वाराला वर ढकलते. ज्याचे खुबे, गुडघे आणि घोटे सैल आहेत तो त्या हालचालीबरोबर दुमडतो आणि उघडतो. ज्याने ते आवळले आहेत तो उडतो, आपटतो, घाबरून आणखी आवळतो आणि आणखी उडतो. तीनशे किलोंचे चालते जनावर मांडीच्या स्नायूंनी धरून ठेवण्याची ताकद कुणाच्याच अंगात नसते. तिथे तोलच कामाला येतो.

हा तोल डोळ्यांनी तपासता येतो. स्वाराचा बाजूने फोटो काढला तर साध्या रपेटीत कान, खांदा, खुबा आणि टाच साधारण एका उभ्या रेषेत यायला हवीत. त्याहून सोपी परीक्षा अशी: घोडा उभा असताना लगामाला किंवा खोगिराला हात न लावता रिकिबीत उभे राहायचे. स्वार मागे कोसळला तर पाय पुढे गेलेले होते, पुढे आयाळीवर पडला तर पाय फार मागे होते. ‘टाच खाली’ या सूचनेचा विपर्यासही इथे उघडा पडतो. टाच जोराने दाबली की घोटा जखडतो आणि पाय पुढे ढकलला जातो. वजन खुब्यातून पायात उतरू दिले तर टाच आपोआप खाली येते. ग्रीक सेनानी झेनोफोनने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, ग्रीकांकडे रिकिबी नसताना, हेच लिहून ठेवले: खुर्चीत बसल्यासारखे बसू नये, पाय फाकवून उभे राहिल्यासारखे बसावे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की हे शास्त्र साहेबांच्या रिंगणातले. आपले मराठे स्वार असल्या रेषा न आखता मुलूख पालथा घालत होते. जुन्या चित्रांत त्यांचे गुडघे बरेच दुमडलेलेही दिसतात. पण या आक्षेपाचे उत्तर बीड जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, गोदाकाठी, माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याला गाठले आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला. अशा लढाईत स्वाराच्या उजव्या हातात भाला किंवा तलवार असे आणि डाव्यात लगाम. लगामाला लोंबकळणाऱ्याला, तोल सावरण्यासाठी हाताची गरज पडणाऱ्याला, भाला चालवताच येणार नाही. पुढे अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या राज्यातल्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. ते घोडदळही भालाईतांचेच. 1903 मध्ये कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाले आणि त्यातून आलेल्या विसाव्या डेक्कन हॉर्सने 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर भाल्यांनिशी हल्ला चढवला. दुमडलेल्या गुडघ्यांचे म्हणाल तर रिकीब आखूड की लांब, हे कामावर ठरते. पायांवर तोल असणे कुठल्याच पद्धतीत टळत नाही. शिवाय शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. वेड्यावाकड्या बैठकीने पाठीला जखम झाली तर भुर्दंड त्यालाच. इतकी पक्की ताकीद रिंगणातल्या उस्तादालाही देता येणार नाही.

‘मग शर्यतीचे जॉकी गुडघे छातीशी घेऊन बसतात ते?’ हा दुसरा आक्षेप जास्त मजेशीर आहे, कारण तो तोलाच्याच बाजूने साक्ष देतो. जॉकी खोगिरात बसलेला नसतोच. आखूड रिकिबीत, पायांवर तोल ठेवून तो घोड्याच्या वर तरंगत असतो. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी 2009 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की 1900च्या सुमारास ही ओणवी बैठक रूढ झाली तेव्हा मोठ्या शर्यतींच्या वेळा 5 ते 7 टक्क्यांनी सुधारल्या. घोडा जॉकीचे वजन वाहतो, पण प्रत्येक टापेला त्याला वरखाली आणि पुढेमागे हिसडावे लागत नाही. ही मेहनत जॉकीचे पाय करतात.

लगामाबद्दलचा गैरसमज याच माळेतला. तो मोटारीचा ब्रेक नाही. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात जिथे दात नसतात त्या नाजूक हिरडीवर टेकते. तिथे सतत ओढ असली की घोडा मान वर फेकतो, पाठ खाली सोडतो किंवा कडीवर रेलून आणखी जोराने पळतो. थांबवताना लगाम लागतोच, नाही कोण म्हणतो? पण आधी स्वाराने कंबर स्थिर करून खाली बसायचे, मग मूठ मिटायची आणि घोडा मंदावला की लगेच सैल सोडायची. हे सोडणेच घोड्याला उत्तर म्हणून कळते. ज्याचा तोल लगामावर आहे त्याला ते सोडता येत नाही, त्यामुळे त्याचा घोडा ‘तोंडाचा कठीण’ म्हणून बदनाम होतो.

वजनाचा प्रश्नही ताकदीचाच समजला जातो: घोडा काय, कितीही वाहील. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत असावेत हा रूढ ठोकताळा आहे. धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर दिसणारे किंवा भीमथडी जातीचे दख्खनी तट्टू 300 किलोंचे धरले तर हे 60 किलो झाले. पण काट्यावरचे वजन आणि पाठीवरचा भार वेगळे. चालीत पाठीवर स्वाराच्या वजनाएवढाच जोर येतो, दुडकीत बसून राहिल्यास तो सुमारे दुप्पट होतो, आणि आपटणाऱ्या स्वाराचा तर एकाच जागी ठोसा बसतो. म्हणून दुडकीत एकाआड एक टापेला उठणे हा केवळ शहरी क्लबातला डौल नाही. त्याने पाठीवरचा कमाल जोर कमी होतो.

राहिला ‘पडल्याशिवाय स्वार होत नाही, अनुभवानेच येते’ हा युक्तिवाद. अनुभवाने हातून जे घडते तेच पक्के होते, चूकसुद्धा. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवख्याला आधी लांब दोरावर फिरणाऱ्या घोड्यावर, लगाम आणि रिकिबीशिवाय, दीर्घकाळ बसवतात. तोलाचे मोल भारतीय स्वारांनीही दाखवले आहे: सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण मिळवले; हा क्रीडाप्रकारच मुळी स्वाराचे इशारे न दिसता घोड्याने कसे ऐकले यावर गुण देतो. दोराची पद्धत तर बीडमध्येही जमण्यासारखी आहे: लांब दोर, शांत घोडा, तो फिरवणारा जाणता माणूस आणि नांगरून भुसभुशीत केलेला वावराचा तुकडा. डोक्यावर हेल्मेट. घोडा चालीत असताना हात कमरेवर, मग आडवे पसरून, मग एक हात डोक्यावर. दुडकी त्यानंतर, आणि तीही थोडी थोडी. गुडघे आवळले जात आहेत का हे दोर धरणाऱ्याला स्वाराच्या आधी दिसते, कारण घोड्याची पावले लगेच आखडतात.