नाडी तपासणी

नाडी तपासणी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर धमन्यांत उमटणारे स्पंदन बोटांनी चाचपून त्याचा वेग, लय आणि जोर पाहणे. डाव्या जवनिकेच्या प्रत्येक आकुंचनासरशी रक्त महाधमनीत लोटले जाते व दाबाची लाट धमन्यांतून पुढे सरकते. धमनी जेथे त्वचेच्या जवळून जाते तेथे ही लाट हाताला लागते. अशा जागांना नाडीबिंदू म्हणतात.

प्रमुख नाडीबिंदू

* मनगट : तळहात वर केल्यावर अंगठ्याच्या मुळाखाली. नेहमीच्या तपासणीसाठी हीच जागा वापरतात.
* मान : कंठमण्याच्या बाजूला, स्नायूलगतच्या खोबणीत.
* दंड : कोपराच्या वर, आतील बाजूस. तान्ह्या बाळाची मान आखूड असल्याने त्याची नाडी येथे पाहतात.
* जांघ : मांडी व पोट यांच्या मधल्या घडीत.
* पाय : गुडघ्यामागे, आतल्या घोट्याच्या मागे आणि पावलाच्या वरच्या बाजूस. मधुमेही रुग्णाच्या पायाचा रक्तपुरवठा जोखण्यास घोट्यामागील व पावलावरील बिंदू उपयोगी पडतात.
* कानशील : कानाच्या किंचित पुढे.

तपासण्याची पद्धत

व्यक्तीला काही मिनिटे शांत बसवावे. हातात बांगड्या किंवा घड्याळ असल्यास वर सरकवावे. तर्जनी आणि मधले बोट नाडीबिंदूवर हलके टेकवावे. अंगठा वापरू नये, कारण त्याचे स्वतःचे स्पंदन जाणवून मोजणी चुकू शकते. ३० सेकंदांतील ठोके मोजून त्यांची दुप्पट करावी; लय अनियमित असल्यास पूर्ण एक मिनिट मोजावे. मानेची नाडी दोन्ही बाजूंना एकाच वेळी दाबू नये. त्याने मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन भोवळ येऊ शकते.

प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी नाडीचा वेग सामान्यतः मिनिटाला ६० ते १०० असतो. नवजात बालकात तो १०० च्या पुढे असतो, तर सराव असलेल्या खेळाडूंत ६० पेक्षाही कमी असू शकतो.

मनगटाची नाडी न लागणे

मनगटाची नाडी न लागणे म्हणजे मृत्यू नव्हे. अतिरक्तस्राव किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे रक्तदाब खालावला, की हातापायांकडील रक्तप्रवाह आधी घटतो. अशा वेळी मनगट गप्प असले तरी मानेची किंवा जांघेची नाडी चालू असू शकते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे दगावली. अशा आपत्तीत ढिगाऱ्याबाहेर एखाद्याचा केवळ हात दिसत असेल, तर त्या हाताची नाडी पुरेसा पुरावा ठरत नाही. वर कोठेतरी दंड दाबला गेल्यानेही ती थांबलेली असू शकते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. उष्माघातात नाडी जलद होते व पुढे क्षीण होत जाते. सोबत अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध असल्यास रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडत तातडीने रुग्णालयात हलवावे. किनवट, माहूर हे तालुके नांदेड शहरापासून १०० किलोमीटरहून अधिक दूर आहेत. एवढ्या प्रवासात दर काही मिनिटांनी नाडी मोजून वेळेसह लिहून ठेवल्यास प्रकृती सुधारते आहे की ढासळते आहे, हे डॉक्टरांना समजते.

बेशुद्ध व्यक्ती

प्रशिक्षित आरोग्यसेवक प्रौढ रुग्णाच्या मानेची नाडी जास्तीत जास्त १० सेकंद चाचपतात. इतरांनी नाडी शोधण्यात वेळ दवडू नये. हाक मारूनही व्यक्ती प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत.

आयुर्वेदातील नाडीपरीक्षा

शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन असून वात, पित्त व कफ यांच्या नाडीची गती प्राणी व पक्ष्यांच्या चालीशी ताडली आहे. वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून ती पाहतात. दोषांचा अंदाज घेणे हा तिचा हेतू आहे. तातडीच्या प्रसंगी मात्र ठोक्यांची मोजणी, श्वास आणि शुद्ध यांवरच निर्णय घेतात.